तिसरं पाणी

माणसाला दोनच हात असतात आणि ते एका वेळी दोन ठिकाणी राबत नाहीत, ही साधी गोष्ट सुतळीच्या सासरी कोणाला पटलेली नव्हती. सुतळी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर आणि एकदा दंतवैद्याच्या दारातल्या बाकावर, दर वेळी मांडीवर दोर घेऊन गाठी मारताना पाहिलं आणि हे नाव ठेवून दिलं. ते नवऱ्याच्या तोंडी बसलं, जावेच्या बसलं, आणि पुढच्या पिढीत त्याचं सुतळीकाकू झालं. तिने कधी तक्रार केली नाही. नावं ठेवण्यात सासऱ्यांचा हात कोणी धरत नसे, आणि याहून वाईट नावं घरात दोघांच्या वाट्याला आलेली होती.

तिचं काम दोरांचं. पांढरा सुती दोर आणायचा, तो स्वतः रंगवायचा आणि त्याच्या गाठी मारून, विणून वस्तू करायच्या. भिंतीवर टांगायची मोठी विणकामं, दिव्याभोवतीच्या जाळ्या, खिडक्यांचे पडदे. घराची मागची खोली तिची. तिथे जुन्या दरवाजाच्या चौकटीतून केलेला उभा माग होता, खिळ्यांच्या तीन रांगा होत्या, रंगाची दोन खोल पातेली होती आणि उकळलेल्या सालींचा असा कडवट वास होता की नवरा उंबऱ्यावरूनच बोलून परत जाई. बाहेरचे लोक तिला कलाकार म्हणत. घरचे म्हणत, ‘तिचं ते काम.’

एक मात्र होतं. पसारा कितीही असो, नमुन्यांची वही चोख असे. रंगाचं नवं पातेलं उतरलं की त्यातल्या दोराचा चार बोटं तुकडा ती वहीच्या पानाला भोक पाडून गाठीने अडकवी. खाली लिही, काय उकळलं, किती वेळ, किती पाण्यातून काढलं, आणि तो दोर शेवटी कुठल्या वस्तूत गेला. ही सवय तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंची. त्यांचाच दुसरा धडा काळ्या रंगाचा होता. सालींच्या काढ्यात गंजलेल्या लोखंडाचं पाणी घातलं की सुंदर काळा रंग येतो, पण बाई बजावत, ‘लोखंड रंग देतं आणि धुतलं नाही तर दोर खातं. लोभ करायचा नाही. आणि तीन पाणी द्यायची. तिसरं पाणी नितळ निघाल्याशिवाय दोर वाळत घालायचा नाही.’ सुतळीने हे तरुणपणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

घोडं अडायचं ते उन्हाळ्यात. दर उन्हाळ्यात सगळं कुटुंब पंधरा दिवस थोरल्या दिरांच्या डोंगरातल्या घरी जाई. खाली तळं, वर झाडी, मोठा व्हरांडा. थोरले दीर बहुतेक वेळ कामानिमित्त परगावीच असत, त्यामुळे त्या घरावर राज्य जावेचं. सुतळीचा नवरा शाळेत भूगोल शिकवत असे आणि प्रवासाच्या दिवशी तो माणूसच बदले. सहाला निघायचं म्हणजे पावणेसहाला तो गाडीत बसलेला. मग हॉर्न. पहिला हॉर्न चला म्हणून, दुसरा अजून किती वेळ म्हणून, आणि तिसरा वाजला की पुढचे पन्नास मैल अबोला. बरोबर त्याच आठवड्यात सुतळीचं पातेलं चुलीवर असे. आयुष्यातले निम्मे दोर तिने हॉर्न ऐकत ऐकत पिळले होते.

तरी त्या डोंगरातल्या घराला तिने दोन वस्तू दिल्या होत्या, आणि घरच्यांनी तिच्या कामाला मनापासून चांगलं म्हटलं ते या दोनच वस्तूंना. नऊ वर्षांपूर्वी जावेला उतारवयात शेंडेफळ झालं त्या उन्हाळ्यातल्या त्या. एक व्हरांड्यातला काळा जाळीचा झोपाळा, ज्यात सासरे जेवण झालं की आडवे होत. दुसरा, त्याच काळ्या दोराचा तान्ह्या बाळाचा पाळणा. चार दोरांनी आकड्याला टांगायचा आणि काम झालं की घडी करून उशीएवढा करायचा. प्रवासाच्या पिशवीत मावतो म्हणून जाऊ सगळ्यांना कौतुकाने दाखवत असे. ‘आमच्या सुतळीला डोकं आहे हो,’ असं ती म्हणाली होती, आणि ते वाक्य सुतळीने नऊ वर्षं जपलं होतं.

या वर्षी नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीसाठी तिला विणकाम सांगितलेलं होतं. बारा फूट लांब. असं काम तिला आजवर मिळालं नव्हतं आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुन्हा मिळेल असंही नव्हतं. ग्रंथपालबाई शुक्रवारी चार वाजता गाडी पाठवणार होत्या, आणि कुटुंब तर सोमवारीच निघणार होतं.

‘तुम्ही पुढे व्हा. मी शनिवारी बसने येते,’ सोमवारी सकाळी ती गाडीशी येऊन म्हणाली.

‘दर वर्षीचं आहे हे,’ नवरा म्हणाला. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’

‘चिंध्या नाहीत त्या.’

‘बरं, दोर.’

सासरे मागच्या सीटवरून म्हणाले, ‘तिला सांगून उपयोग नाही रे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.’ ते हसत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगाने भरभक्कम, आणि सून हट्टी आहे याचा त्यांना मनातून अभिमानच होता. तिची कॉलेजात जाणारी लेक शेजारून हात हलवत राहिली. गाडी गेली. त्या दिवशी हॉर्न एकदाच वाजला, आणि तो निरोपाचा होता.

तीन दिवस तिने सुखाने काम केलं, हे कबूल करायला हवं. कोणी जेवायला मागितलं नाही. बुधवारी संध्याकाळी लेकीने एक फोटो पाठवला. काळ्या झोपाळ्यात मधे आजोबा, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला जावेचं शेंडेफळ, तिघं दात काढून हसताहेत. खाली लिहिलं होतं, ‘आजोबा म्हणतात अजून दोघं मावतील.’ सुतळी हसली आणि गाठी मारत राहिली.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास खालचा अरुंद काळा पट्टा तेवढा राहिला. त्या जागी तिला जुना काळा हवा होता, झोपाळ्याचा. तसा काळा तिला पुन्हा कधी साधला नव्हता. तिने नऊ वर्षांपूर्वीची वही काढली, पान शोधलं. नमुना जागच्या जागी होता, सुरेख, मखमली काळा. विणकामाशेजारी धरून बघावा म्हणून तिने तो गाठीतून ओढला.

तो तुटला. ओढला म्हणण्याइतकी ओढही दिली नव्हती, आणि आवाजसुद्धा झाला नाही. अर्धा तुकडा पानावर राहिला, अर्धा तिच्या चिमटीत आला आणि चिमटीत त्याची पूड झाली.

तिने पानावरचा अर्धा घेतला. तोही तुटला. मागच्या पानावरचा, त्याच वर्षीचा तपकिरी नमुना तिने बोटांना गुंडाळून सगळ्या जोराने ओढला. बोटांना वळ उठले, दोर हलला नाही. तपकिरीत लोखंड नव्हतं. मग तिने काळ्याखालचं स्वतःचं अक्षर वाचलं. घाईत लिहिलेलं, तिरकं.

‘साल. लोखंड दुप्पट (रंग खोल यावा म्हणून). दोन पाणी. तिसरं राहिलं, तिथे गेल्यावर देणे. झोपाळा, पाळणा.’

सगळं आठवलं. ती सकाळ, दारातली गाडी, दुसरा हॉर्न, बादलीतलं दुसरं पाणी अजून गढूळ. तिने ओला दोर पिळून पिशवीत कोंबला होता. तिथे पोचल्यावर तान्हं बाळ होतं, पंधरा माणसांची जेवणं होती, आणि सगळे झोपाळा कधी होतो म्हणून मागे लागलेले. तिसरं पाणी तसंच राहिलं. दोर वाळला तसा तिने विणला. नऊ वर्षं ते लोखंड दोराच्या आत बसून होतं, आणि व्हरांड्यातली ओल त्याला दर वर्षी मिळत होती.

आणि दुसरंही आठवलं, ते जास्त वाईट. गेल्या उन्हाळ्यात जाऊ रोज सकाळी झोपाळ्याखालची काळी भुकटी झाडत असे. ‘सुतळे, तुझा झोपाळा अजून रंग सोडतो गं.’ सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर काळे पट्टे उठत आणि सगळे हसत. तीही हसली होती. तीस वर्षं दोरांत काढलेल्या बाईला रंग आणि दोराची पूड यांतला फरक कळला नाही, कारण ती सुट्टीवर होती आणि मनात घरी राहिलेलं काम घोळत होतं.

झोपाळा व्हरांड्याच्या बाहेरच्या दोन खांबांना टांगलेला होता. त्याच्या पलीकडे कठडा नव्हता. तिथून अकरा दगडी पायऱ्या थेट तळ्याकडे उतरत होत्या.

तिने नवऱ्याला फोन लावला. संपर्काच्या बाहेर. लेकीला लावला. तेच. जावेचाही तोच. त्या घरी फोन लागतो तो फाटकापर्यंत खाली उतरलं तर, आणि तेही वाऱ्याच्या मर्जीवर. पाळण्याचा विचार तिने मनात एकदा केला आणि बाजूला ठेवला. पाळणा जावेच्या माळ्यावर होता आणि घरात आता तान्हं कोणी नव्हतं. देवाची कृपा, तिला वाटलं, निदान तेवढं तरी.

तिने लेकीला लिहिलं, ‘झोपाळ्यावर कोणीही बसू नका.’ पाठवलं. मग ग्रंथपालबाईंना फोन करून काम उद्या चारपर्यंत कदाचित पूर्ण नसेल असं सांगितलं. ‘कदाचित म्हणजे?’ ग्रंथपालबाईंनी विचारलं. सुतळीने फोन ठेवला. तिने वही पिशवीत टाकली, पायात सापडल्या त्या चपला घातल्या आणि साडेबाराची बस धावत पकडली.

बस सुटून अर्धा तास झाला तेव्हा फोन वाजला. लेकीचं उत्तर आलं होतं. ‘हो गं आई, चपला काढूनच बसतोय सगळे.’

आता दोष कोणाला द्यायचा? दर उन्हाळ्यात ती हेच करत असे. झोपाळ्यावर ओले टॉवेल टाकू नका. चपला घालून बसू नका. गाठी उकरू नका. लांडगा आला रे आला असं तिने नऊ वर्षं ओरडून ठेवलं होतं, तेही टॉवेलांसाठी. तिने घाईघाईने लिहिलं, ‘दोर सडलाय. तुटेल. आजोबांना उठव.’ पण तोवर लेक फाटकापासून वर गेली असणार. निरोपाशेजारी एकच टिक उमटली आणि एकच राहिली.

दुपारचे दोन वाजले. दोन वाजता सासरे जेवतात. अडीचला झोपाळा. ती खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसली होती आणि त्यांचा एकेक घास मोजत होती. शेजारच्या बाईने तिला बिस्किट देऊ केलं. तिने ते घेतलं आणि उतरेपर्यंत तसंच हातात धरून बसली. वाटेत बस एका स्टँडवर वीस मिनिटं थांबली, कारण चालकाला चहा प्यायचा होता. सुतळी त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘जरा लवकर निघता येईल का?’

‘बाई, घाई कशाला? डोंगर काय पळून जातोय?’ चालक म्हणाला.

ती परत जागेवर येऊन बसली. हॉर्न वाजवणाऱ्या नवऱ्याला आतून काय होत असेल, ते तिला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

सहाला दहा कमी असताना ती फाट्यावर उतरली. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. चढण वीस मिनिटांची. अर्ध्या वाटेवर तिला आवाज ऐकू आला. कर्र, मग थोडी शांतता, मग पुन्हा कर्र. नऊ वर्षं हा आवाज तिला सुट्टीचा वाटत आला होता. ती पळायला लागली, आणि फाटकातून आत शिरून व्हरांड्याच्या पायऱ्यांशी पोचल्यावर एकदम थांबली.

सासरे झोपाळ्यात होते. दुपारपासून अजून गाढ झोपलेले, पोटावर हात, एक पाय खाली लोंबता. नवरा व्हरांड्याच्या आतल्या टोकाला खुर्चीत नकाशाचं पुस्तक वाचत होता. त्याने वर पाहिलं आणि तो काही बोलायच्या आत तिने ओठांवर बोट ठेवलं. हाक मारली असती तर म्हातारा दचकून उठला असता, आणि दचकून उठणारा माणूस सगळं वजन एका बाजूला टाकतो. ती चपला खालीच काढून पायऱ्या हळूहळू चढून आली. डोक्याकडच्या बाजूला दोर जिथे कडीतून जात होता तिथे तीनपैकी एक पदर आधीच तुटून लोंबत होता. बाकीचे दोन दिसायला अगदी ठीक होते. पीळ जसाच्या तसा, एकही धागा विसकटलेला नाही. सासऱ्यांचं ते वाक्य तिला आठवलं. सुंभ आतून जळून गेला होता आणि पीळ तेवढा दिसायला उरला होता.

तिने नवऱ्याला खुणेने बोलावलं. तिचा चेहरा पाहून तो न बोलता आला. ‘खांद्याखाली हात घाला. दोन्ही,’ ती कुजबुजली. मग सासऱ्यांच्या पायाशी बसून नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, चहा झालाय.’

‘आलीस का?’ त्यांनी डोळे उघडले. ‘शनिवारी येणार होतीस ना?’

‘आधी आले. सावकाश उठा. आतल्या बाजूला पाय टाका.’

‘मी काय लहान आहे का?’ ते कुरकुरले, पण उठले. नवऱ्याने त्यांना अलगद उभं केलं. त्यांचे पाय फरशीवर टेकले, ते दोन पावलं पुढे आले, आणि मगच सुतळीने श्वास सोडला. लेक आणि जाऊ आतून बाहेर आल्या होत्या. जाऊ म्हणाली, ‘अगं, हे काय नाटक?’

‘दोर सडलाय, वहिनी.’

‘काल तिघं बसले होते,’ नवरा म्हणाला. भूगोलाच्या माणसाला पुरावा लागतो. त्याने झोपाळ्याच्या मध्यावर एक तळहात ठेवला आणि दाबला. दार ढकलायला लागतो तेवढाही जोर नव्हता तो. वरचे दोन्ही पदर एकाच वेळी सुटले. झोपाळ्याचं डोकं फरशीवर आपटलं, जाळी घसरत गेली, त्यातली उशी पायऱ्यांवरून उड्या घेत खाली गेली आणि शेवटच्या पायरीवर जाऊन थांबली. नवऱ्याचा हात हवेत तसाच राहिला. तळव्यावर काळी पूड होती.

सासरे पायऱ्यांकडे पाहत होते. मग खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, ‘मला पाणी द्या.’ लेक पाणी आणायला धावली.

सुतळीने पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यासमोर ते पान उघडून ठेवलं. ‘माझी चूक आहे. तिसरं पाणी दिलं नव्हतं. त्या वर्षी निघायची घाई होती.’ घाई कोणाची ते तिने सांगितलं नाही. नवऱ्याने पान वाचलं आणि मान खाली घातली. ते काही तिने त्याला दुखवायला केलं नव्हतं, पण त्याला लागलं ते लागलंच.

जावेनेही पान वाचलं. ती शेवटच्या शब्दाशी थांबली.

‘सुतळे, पाळणापण यातलाच?’

‘हो. तो माळ्यावर आहे ना, तो उद्या काढून जाळून टाकू.’

जावेने वही खाली ठेवली. ‘माळ्यावर कुठला? मी तो दिला. खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना. त्यांच्या मुलीला बाळ झालं, चार महिन्यांचं आहे. पडून राहण्यापेक्षा वापरला जाईल म्हटलं.’

बसमधून येताना साडेपाच तास सुतळी एका म्हाताऱ्याला जपत होती, आणि त्या पाळण्याला तिने सकाळीच मनातून सुखरूप माळ्यावर ठेवून दिलं होतं.

नवरा किल्ली घेऊन गाडीकडे गेलासुद्धा. जाऊ त्याच्यामागे गेली. सुतळी खाली वाकली, पडलेल्या झोपाळ्याचा हातभर तुकडा तिने कात्रीशिवाय नुसता तोडून घेतला, मग चपला शोधू लागली. एक चप्पल सापडेना. गाडी चालू होती, दार उघडं होतं, नवरा समोर बघत बसला होता. ती एका पायात चप्पल घालून येऊन बसेपर्यंत त्याने हॉर्न वाजवला नाही.

फाटकाखालच्या वळणावर जावेचा फोन लागला. तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

‘लेक कालच गेली हो, फिरायला,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘नवरा, सासूसासरे, सगळे समुद्राकडे. पाळणा बरोबर नेलाय. घडी होतो ना, पिशवीत मावतो. किती सोय झाली म्हणून सांगू.’

‘तिचा नंबर द्या,’ सुतळी म्हणाली.

पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, आवाज नको म्हणून. ‘उद्याचं चारचं काय?’ त्याने हळूच विचारलं. ती म्हणाली, ‘राहू दे.’ जाऊ तोंडाला पदर लावून बसली होती. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला, आणि एक तरुण, दबका आवाज आला.

‘कोण बोलतंय?’

‘पाळणा केला ती मी. काळा पाळणा.’

‘अय्या, काकू! तुम्ही?’ ती मुलगी कुजबुजतच बोलत होती. ‘आवाज बारीक करते हां, आत्ताच झोपलंय. मोठ्या मुश्किलीने. खूप आवडतो त्याला. एक विचारू का, तो थोडा रंग सोडतो का हो? रोज सकाळी बाळाच्या चादरीवर काळी भुकटी पडलेली असते.’

जावेने डोळे मिटून घेतले.

‘बाळ कशात झोपलंय?’ सुतळीने विचारलं.

‘पाळण्यातच.’

‘खाली काय आहे?’

‘खाली? फरशी. का हो?’

‘घाबरू नकोस. फोन ठेवू नकोस, खाली ठेव फक्त. दोन्ही हात बाळाच्या खालून घाल आणि त्याला उचल. पाळण्याला धरायचं नाही. आधी उचल, मग सांगते.’

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. नवरा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. सुतळीच्या मुठीत तो हातभर दोर होता आणि मूठ आवळली जात होती तशी काळी पूड तिच्या मांडीवर सांडत होती. मग पलीकडून बाळाचं रडणं आलं, झोपमोड झाल्याच्या संतापाने टिपेला गेलेलं, आणि जवळजवळ येत गेलं.

‘उचललं,’ मुलगी म्हणाली. ‘काय झालं काकू?’

‘सासूबाईंकडे दे त्याला. दिलंस? आता पाळण्याच्या दोरांपैकी एक दोर दोन बोटांत धर, वर आकड्याजवळ. आणि ओढ.’

पावलं पाळण्याकडे गेली.

‘तुटला,’ मुलगी म्हणाली.

‘दुसरा.’

‘तुटला.’

‘तिसरा ओढ.’

पलीकडे काहीतरी मऊ जमिनीवर पडलं. बाळ रडत होतं, कोणीतरी त्याला उगी उगी करत होतं, आणि मुलगी फोनशी नुसती श्वास घेत होती. मग ती म्हणाली, ‘मी हातच लावला होता.’

नवऱ्याने सुतळीच्या मुठीतून तो दोर काढून घ्यायचा प्रयत्न केला, तिने दिला नाही. फोन कोणीच बंद केला नाही. दूरच्या कुठल्याशा खोलीत एक बाळ गळा काढून रडत होतं, आणि ती फोन कानाशी घट्ट धरून, ते थांबू नये असं वाटत, ऐकत राहिली.